शोक घटनेचा, परीक्षण चित्रपटाचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत झालेल्या हत्याकांडावर २०१८ साली दोन चित्रपट आले: एरिक पोपे यांचा ‘उटोया : २२ जुलै’ आणि पॉल ग्रीनग्रास यांचा ‘२२ जुलै’. आपण दोन्ही पाहिलेत, मग त्यांवरची परीक्षणे वाचलीत आणि बुचकळ्यात पडलात, कारण ज्या चित्रपटाला एकाने ‘प्रत्येकाने पाहावा असा’ म्हटले होते त्यालाच दुसऱ्याने मृतांचे भांडवल करणारा ठरवले होते. समीक्षक नेमके कशाचे परीक्षण करत असतात, घटनेचे की चित्रपटाचे, आणि विश्वास कुणावर ठेवावा, असे आपण विचारले आहे.

दोघेही समीक्षक प्रामाणिक असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. ही घटना पडद्यावर यावी का, हा एक प्रश्न. आली ती कशी आली, हा दुसरा. आणि ती तशी आल्यामुळे कुणाचे फावले, हा तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर समीक्षकाचे मत एखाद्या जाणत्या नागरिकाच्या मतापेक्षा वजनदार असण्याचे कारण नाही. दुसरा प्रश्न मात्र त्याच्या व्यवसायाचा आहे. राष्ट्रीय शोकांतिकांवरील चित्रपटांची बहुतेक परीक्षणे फसतात ती या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळून पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात आश्रय घेतल्यामुळे. गेली पंचवीस वर्षे मी परीक्षणे लिहितो आहे आणि हे टाळणे मी स्वतःही केलेले आहे, म्हणून ते कसे घडते हे जरा तपशिलात सांगतो.

एक गोष्ट आधीच नोंदवली पाहिजे. मराठीत ‘शोकांतिका’ हा मुळात नाट्यप्रकाराचा शब्द आहे. खऱ्या आपत्तीलाही आपण तोच शब्द लावतो, त्यामुळे घटनेकडे पाहतानाच आपण तिला नकळत नाटकाचा आकार देऊन बसतो. तिला नायक, खलनायक आणि पडदा पडण्याची वेळ मिळते. ही सोय चित्रपटकर्त्याला जितकी मोहात पाडते तितकीच समीक्षकालाही.

शब्दांवरूनच सुरुवात करू. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यावरच्या एका चित्रपटातील रेल्वे स्थानकाच्या प्रसंगाबद्दल लिहिताना मी ‘थरारक’ हा शब्द वापरला होता. परीक्षण छापून आल्यावर एका वाचकाने दोन ओळींचे पत्र पाठवले. त्यात एवढेच विचारले होते की हा थरार कुणाला वाटला. माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर मी माझीच जुनी परीक्षणे काढून पाहिली तेव्हा लक्षात आले की अशा चित्रपटांसाठी मी ठरावीक शब्दांची एक थैलीच बाळगली होती: अंगावर काटा आणणारा, हृदयद्रावक, सुन्न करणारा, डोळ्यांच्या कडा ओलावणारा. यातला एकही शब्द चित्रपटाविषयी काही सांगत नाही. काटा प्रेक्षकाच्या अंगावर येतो, आणि तो बहुतेक वेळा त्या दिवशीच्या बातम्यांच्या आठवणीनेच येतो. चित्रपटाने फक्त ती आठवण चाळवलेली असते. दिग्दर्शकाने कॅमेरा कुठे ठेवला, संकलकाने काप कुठे घेतला, आवाज कुठून आला आणि कुठे थांबला, यांतले काहीही न सांगता असे परीक्षण संपू शकते, आणि वाचकाला वाटते की आपण समीक्षा वाचली.

या प्रकारच्या चित्रपटांच्या समीक्षेचा एक उगम १९६१ साली सापडतो. जिल्लो पोंतेकोर्वो यांच्या ‘कापो’ या नाझी छळछावणीवरील १९६० च्या चित्रपटात एक कैदी स्त्री विजेचा प्रवाह सोडलेल्या तारांच्या कुंपणावर झेपावते आणि तिथेच मरते. ही भूमिका एमान्युएल रिवा यांची आहे. ती मेल्यावर कॅमेरा पुढे सरकतो, तिचा देह खालच्या कोनातून पुन्हा चौकटीत बसवतो. झाक रिव्हेट यांनी ‘काये द्यु सिनेमा’ या फ्रेंच मासिकात लिहिलेल्या लेखात या एका हालचालीवर बोट ठेवले. तिचा उचललेला हात चौकटीच्या कोपऱ्यात नेमका बसेल याची ज्या माणसाने त्या क्षणी काळजी घेतली, तो तिरस्कारालाच पात्र आहे, असा त्यांचा निवाडा होता. चित्रपटाचा हेतू चांगला आहे की वाईट, तपशील खरे आहेत की खोटे, इकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही. मृत्यूला देखणे करणारी कॅमेऱ्याची काही इंचांची हालचाल त्यांना पुरली.

या लेखाची पुढची कथा मला नेहमी गमतीची वाटते. सर्ज दाने हे पुढच्या पिढीतले मोठे समीक्षक. त्यांनी १९९२ साली याच शॉटवर एक दीर्घ लेख लिहिला आणि त्यात उघडपणे कबूल केले की ‘कापो’ आपण पाहिलेलाच नाही, रिव्हेट यांच्या वर्णनातूनच तो आपल्याला माहीत आहे. एका परीक्षणातले वर्णन मूळ चित्रपटापेक्षा जास्त टिकले. रिव्हेट यांचा निवाडा मला पूर्ण मान्य नाही. एका शॉटवरून माणसाला तिरस्करणीय ठरवणे हे समीक्षेचे काम नव्हे, आणि त्याच पोंतेकोर्वो यांनी पाच-सहा वर्षांनी अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावर जो चित्रपट केला तो या प्रकारातला मानदंड मानला जातो. पण पद्धत मान्य आहे. चित्रपटाची नैतिकता विषयात नसून चौकटीत सापडते, हे त्यांनी दाखवून दिले आणि ते कुणालाही तपासून पाहता येईल अशा रीतीने दाखवले.

आता आपल्या दोन चित्रपटांकडे येतो. घटना आपल्याला माहीत आहे, तरी आकडे समोर असलेले बरे. ओस्लोच्या शासकीय इमारतींजवळ झालेल्या स्फोटात ८ जण गेले आणि त्यानंतर उटोया बेटावर, सत्ताधारी मजूर पक्षाच्या युवक संघटनेच्या उन्हाळी शिबिरावर, त्याच एका माणसाने केलेल्या गोळीबारात ६९ जण मारले गेले. एकूण ७७. बेटावरचा गोळीबार ७२ मिनिटे चालला आणि पोपे यांनी तो तेवढ्याच मिनिटांच्या सलग एका शॉटमध्ये, काया नावाच्या काल्पनिक मुलीच्या सोबतीने दाखवला. मारेकरी एखाददुसऱ्या वेळी दूरवर आकृतीसारखा दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. त्याचे अस्तित्व आवाजातच आहे: जवळ आलेला, लांब गेलेला, मध्येच थांबलेला आणि म्हणूनच जास्त भीतीदायक वाटणारा गोळ्यांचा आवाज.

या निवडीचे फेब्रुवारी २०१८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात जे स्वागत झाले ते दुभंगलेले होते, आणि दुभंगण्याची रेषा नेमकी याच निवडीतून जात होती. बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की इतकी वर्षे जगभर त्या मारेकऱ्याचे छायाचित्र आणि त्याचे विचार छापले गेले, मुले मात्र आकड्यात जमा झाली. पोपे यांनी चौकट मुलांना परत दिली. विरोधकांचे म्हणणे असे की कारण काढून टाकले की उरतो तो फक्त पाठलाग, आणि झाडाआड दडून श्वास रोखणाऱ्या मुलीच्या मागे फिरणारा कॅमेरा भयपटात आणि व्हिडिओ गेममध्येही असाच फिरतो. या माणसाने हे का केले, त्याचे राजकारण काय होते, हे शेवटी येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवर ढकलणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय.

माझे मत या दोन्हींपासून थोडे बाजूला आहे. सलग शॉट प्रेक्षकाला एक अलिखित वचन देतो: मी काही रचणार नाही, काप घेऊन तुला फसवणार नाही, जे जसे घडले तसे मिनिटामागून मिनिट तुझ्यासमोर ठेवीन. चित्रपटाची सुरुवात या वचनाची फार हुशारीने पूर्वतयारी करते. काया थेट कॅमेऱ्याकडे पाहून, तुला हे कधीच कळणार नाही अशा अर्थाचे काहीतरी बोलते. क्षणभर वाटते की ती आपल्याशीच बोलते आहे, मग कळते की ती फोनवर आईशी बोलत होती. इथपर्यंत सगळे जमले आहे. पण पुढे एक जखमी मुलगी कायाच्या कुशीत प्राण सोडते आणि नेमका त्यानंतर तिचा फोन वाजतो, पडद्यावर ‘आई’ असे उमटते. अशा घटनेत असे फोन वाजले असणार, याबद्दल मला शंका नाही. पण तो फोन त्या क्षणी वाजतो तेव्हा मला बेट दिसत नाही, पटकथाकाराचा हात दिसतो. त्याचप्रमाणे किनाऱ्यावर लपलेल्या दोन मुलांचे पुढे काय करायचे या विषयीचे हळुवार संभाषण, आणि सबंध चित्रपटभर बहिणीला शोधणाऱ्या मुलीचे अखेरच्या टप्प्यातले अचानक मरण. न रचण्याचे वचन देणाऱ्या चित्रपटात ही रचना बोचते, एरवी कदाचित बोचली नसती. म्हणजे माझा आक्षेप ‘हे दाखवायला नको होते’ असा नाही. स्वतःच घातलेला नियम चित्रपटाने मोक्याच्या तीन जागी मोडला, एवढेच माझे म्हणणे आहे. तरीही, मारेकऱ्याला आकृती म्हणून ठेवण्याचा निर्णय मला आजही या प्रकारातल्या सर्वांत विचारपूर्वक निर्णयांपैकी एक वाटतो.

ग्रीनग्रास यांचा चित्रपट त्याच वर्षी सप्टेंबरात व्हेनिसला आणि ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यांनी उलटा रस्ता धरला. हत्याकांड पहिल्याच टप्प्यात आटोपते आणि उरलेला, आकाराने मोठा भाग वाचलेल्या एका तरुणाच्या शारीरिक-मानसिक उभारणीला आणि मारेकऱ्यावरच्या खटल्याला दिला आहे. पोपे यांच्यावर जो आक्षेप होता त्याचे उत्तर इथे मिळते, कारण राजकारण, कायदा, बचाव पक्षाच्या वकिलाची कोंडी हे सगळे येथे आहे. पण त्याची किंमत म्हणजे मारेकरी चेहरा, आवाज आणि भाषणे घेऊन समोर बसतो, आणि आंडर्स डॅनिएल्सन ली यांनी ती भूमिका इतक्या ताब्याने केली आहे की नजर त्यांच्यावरून हटत नाही. टीकाकारांनी इथे बोट ठेवले ते बरोबरच होते. दुसरा आक्षेप भाषेचा होता: नॉर्वेचे नट, नॉर्वेची घटना, संवाद इंग्रजीत. पुष्कळांनी तो किरकोळ मानला, मला तो किरकोळ वाटत नाही. न्यायालयातली साक्ष हा या चित्रपटाचा कळस आहे, आणि वाचलेला मुलगा आपल्या देशाच्या न्यायालयात, आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या माणसासमोर परक्या भाषेत बोलतो तेव्हा ती साक्ष त्या खोलीत बसलेल्यांसाठी उरत नाही. ती जगभरच्या प्रेक्षकासाठी दिली जाते. संपूर्ण चित्रपटाचा सूर ‘एका समाजाने आपल्या लोकशाही रीतीने उत्तर दिले’ असा असताना त्या समाजाची भाषाच चौकटीबाहेर राहावी, ही विसंगती सोसणे अवघड आहे.

एकंदर पाहता पोपे जिथे कमी पडतात तिथे ग्रीनग्रास भक्कम आहेत आणि उलटही. परीक्षणांत मतभेद होते ते बहुतांशी या कारणाने: काहींना मृतांच्या बाजूने उभे राहणे महत्त्वाचे वाटले, काहींना कारणांचा शोध. ‘पाहावा’ आणि ‘भांडवल करणारा’ हे शेरे म्हणजे या वेगवेगळ्या अपेक्षांची पावती आहे. रॉटन टोमॅटोजसारख्या संकेतस्थळावरचा टक्का इथे काहीच मदत करत नाही, कारण तो फक्त किती परीक्षणे अनुकूल होती हे मोजतो. अनुकूलता कशाबद्दल होती हे त्यात हरवते. नॉर्वेतली वृत्तपत्रे तर चित्रपटांना फाशाच्या ठिपक्यांनी, एक ते सहा असे गुण देतात. एरवी ती गंमत चालून जाते, पण ७७ मृत्यूंवरच्या चित्रपटाशेजारी फासा छापण्यातला विचित्रपणा लपत नाही. आपल्याकडच्या ताऱ्यांचेही तेच.

‘फार लवकर’ हा आक्षेप वेगळा काढून पाहायला हवा, कारण तो सगळ्यांत जास्त वेळा घेतला जातो आणि सगळ्यांत कमी काळ टिकतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील चौथ्या विमानावरचा, याच ग्रीनग्रास यांचा ‘युनायटेड ९३’ एप्रिल २००६ मध्ये लागला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. त्याची झलक पाहूनच प्रेक्षक इतके अस्वस्थ झाले की न्यूयॉर्कमधल्या एका चित्रपटगृहाने ती दाखवणे थांबवले. सुतक फिटण्याआधीच बाजार मांडला, असा एकूण सूर होता. प्रत्यक्ष चित्रपट आल्यावर मात्र त्याच शहरातल्या समीक्षक मंडळाने त्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले. बदलले काय होते? कालावधी तोच होता. लोकांना दिसले ते असे की चित्रपटात ओळखीचा एकही मोठा नट नाही, विमान वाहतूक नियंत्रण केंद्राचे प्रमुख बेन स्लायनी स्वतःची भूमिका स्वतःच करत आहेत, ध्वज फडकवणारे एकही भाषण नाही, आणि वैमानिकाच्या खिडकीतून गरगरत जवळ येणारी जमीन दिसते न दिसते तोच पडदा काळा होतो. स्फोट नाही, आग नाही. याचा अर्थ चित्रपट निर्दोष होता असा नव्हे. विमानातला एक जर्मन प्रवासी त्यात अपहरणकर्त्यांशी जमवून घ्या असे सुचवताना दाखवला आहे, त्याला काही समीक्षकांनी हरकत घेतली आणि ती मला रास्त वाटते. ज्या माणसाने तसे केल्याचा पुरावा नाही, जो उत्तर द्यायला हयात नाही, त्याच्या तोंडी नाट्याच्या सोयीसाठी भित्रेपणा घालणे हा घाईचा दोष नाही, हलगर्जीपणाचा आहे, आणि तो पन्नास वर्षांनी केला असता तरी दोषच राहिला असता.

याउलट माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ६ डिसेंबर १९८९ रोजी झालेल्या १४ स्त्रियांच्या हत्येवर दनी विलनव्ह यांनी ‘पॉलिटेक्निक’ केला तो जवळजवळ वीस वर्षांनी, २००९ मध्ये, आणि तरीही कॅनडात ‘खपली का काढता’ हा प्रश्न आलाच. तो चित्रपट कृष्णधवल आहे. रक्त लाल दिसत नाही, ते जमिनीवरच्या सावलीसारखे दिसते. श्रेयनामावलीत मारेकऱ्याला नाव नाही, फक्त ‘मारेकरी’ आहे. पुढे त्याला कॅनडाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा जिनी पुरस्कार मिळाला.

कुटुंबीयांची संमती हाही असाच एक निसटता निकष आहे. ‘युनायटेड ९३’ला बहुतेक कुटुंबांचे सहकार्य होते, पोपे यांनी वाचलेल्या मुलांशी बोलून पटकथा बांधली. माणुसकी म्हणून ते आवश्यकच आहे. पण ते परीक्षणात प्रमाणपत्रासारखे वापरले जाते तेव्हा सावध व्हावे. आईवडिलांना जे मान्य आहे त्याला समीक्षकाने नावे ठेवू नयेत, असा त्याचा छुपा अर्थ असतो. संमती मिळालेला चित्रपट वाईट असू शकतो, आणि तसे लिहिल्याने मृतांचा अपमान होत नाही.

आपल्याकडची उदाहरणे याहून गुंतागुंतीची आहेत, कारण आपल्याकडे न्यायालय आणि राजकारण समीक्षेच्या आधी चित्रपटापर्यंत पोहोचतात. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जण गेले. त्यावरचा अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ २००४ मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात दाखवला गेला, पण खटला चालू असताना आरोपींवर अन्याय होईल या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने प्रदर्शन रोखले आणि तो ९ फेब्रुवारी २००७ रोजी लागला. तोवर टाडा न्यायालयाचे निकाल येऊ लागले होते. या विलंबाचा परिणाम परीक्षणांवरही झाला असे माझे मत आहे. इतक्या अडथळ्यांतून आलेल्या चित्रपटाला पाठिंबा द्यायचा की त्याचे परीक्षण करायचे, यात पुष्कळांची गल्लत झाली. सुदैवाने चित्रपट त्या पाठिंब्याला पुरून उरणारा होता. त्यातला झोपडपट्टीतला पाठलाग आठवा. पोलीस आणि संशयित गल्लीबोळांतून इतके धावतात, इतके धावतात की शेवटी दोघांचाही दम संपतो आणि पाठलाग जवळजवळ चालण्यावर येतो. हिंदी चित्रपटातला पाठलाग असा दमत नाही. त्या दमण्यातून मारेकऱ्यांचा आणि पोलिसांचाही वलयांकितपणा गळून पडतो. चांगल्या समीक्षकांनी ‘ब्लॅक फ्रायडे’चा समतोल असा जो काही म्हटला तो मला संवादांपेक्षा या दमछाकीत जास्त दिसतो.

राम गोपाल वर्मा यांच्या ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ची गोष्ट उलट झाली. हल्ल्यात १६६ जण गेले होते आणि ताज हॉटेलमधली चकमक संपल्यावर लगेचच तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख तिथे गेले तेव्हा वर्मा सोबत होते. त्या भेटीचा चित्रपटाशी संबंध नाही असे सांगितले गेले, पण लोकांच्या मनात मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याची म्हण पक्की बसली आणि मुख्यमंत्र्यांनाही काही दिवसांत पद सोडावे लागले. १ मार्च २०१३ रोजी चित्रपट लागला तेव्हा समीक्षक ही म्हण मनात घेऊनच बसले होते. त्यातल्या पुष्कळांना पूर्वार्ध अपेक्षेपेक्षा चांगला वाटला आणि परीक्षणांत एक प्रकारचे आश्चर्य उमटले. आश्चर्य हाही निकष नव्हे. माझ्या मते त्या चित्रपटाचा पेच एकाच ठिकाणी दिसतो: छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचा गोळीबार मंदगतीत चित्रित केला आहे. मंदगतीत माणूस पडतो तेव्हा त्याचे पडणे एक आकृतिबंध होते, कपड्यांच्या घड्या दिसतात, उडालेल्या वस्तूंची नक्षी दिसते. रिव्हेट यांनी ‘कापो’तल्या हाताबद्दल जे म्हटले ते इथे मला पहिल्यांदा आतून कळले. आणि नेमक्या याच प्रसंगाला मी ‘थरारक’ म्हटले होते. उत्तरार्धात शवागारातल्या दृश्यात नाना पाटेकर यांच्या तोंडी जे लांबलचक भाषण आहे त्याबद्दल समीक्षकांत मतभेद झाले. नट म्हणून ते जबरदस्त आहेतच, पण तिथे चित्रपट संपतो आणि प्रवचन सुरू होते.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे कुणाचे फावले या प्रश्नाचे, सर्वांत तीव्र रूप २०२२ मध्ये दिसले. काश्मिरी पंडितांच्या हत्या आणि विस्थापनावरच्या ‘द काश्मीर फाइल्स’ला प्रेक्षकांचा प्रचंड प्रतिसाद होता आणि समीक्षकांत उघड फूट होती. गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या समारोपात, २८ नोव्हेंबरला, परीक्षक मंडळाचे प्रमुख, इस्रायली दिग्दर्शक नादाव लापिड यांनी व्यासपीठावरून तो प्रचारकी आणि असभ्य असल्याचे म्हटले आणि गदारोळ झाला. त्यांच्या परदेशी सहपरीक्षकांनी त्यांना पाठिंबा दिला, भारतीय परीक्षकाने ते वैयक्तिक मत असल्याचे सांगितले. लापिड यांनी पुढे पीडितांचे मन दुखावले असल्यास क्षमा मागितली, चित्रपटाबद्दलचे मत मात्र मागे घेतले नाही. पंडितांवर ओढवलेले संकट खरे आहे, ते बराच काळ पडद्याबाहेर राहिले हेही खरे, आणि एखादा चित्रपट ते कसे मांडतो यावर कठोर टीका होऊ शकते हेही खरे. ही तीन विधाने एकमेकांना खोडत नाहीत. तरी त्या दिवसांत तिसरे विधान करणाऱ्याने पहिले नाकारले असे गृहीत धरले जात होते, आणि पहिल्याने हेलावलेल्या पुष्कळांनी तिसऱ्याची दखलच घेतली नाही. माझी तक्रार लापिड यांच्या निवाड्यापेक्षा त्यांच्या संक्षेपाविषयी आहे. विशेषणे दोनच होती आणि चौकट एकही नव्हती. समारोपाच्या भाषणात ते शक्य नसते हे मान्य, पण मग ती समीक्षा उरत नाही, निवेदन होते, आणि निवेदनाला प्रतिनिवेदनच मिळते.

विश्वास कुणावर ठेवावा, याचे उत्तर आता देता येईल. ज्या परीक्षणात निदान एका दृश्याचे असे वर्णन आहे की ते वाचून आपण पडद्यावर पडताळा घेऊ शकता, त्यावर ठेवा, त्याचा निष्कर्ष आपल्या विरुद्ध असला तरी. ज्यात पहिला परिच्छेद घटनेच्या इतिहासात, दुसरा मृतांना आदरांजलीत आणि तिसरा ‘आजच्या काळात अशा चित्रपटांची गरज’ यात गेला आहे, ते बाजूला ठेवायला हरकत नाही. समीक्षक जवळचा आहे की लांबचा, हेही पाहावे. घटनेच्या देशातल्या समीक्षकाला न दाखवलेली गोष्ट दिसते, परक्याला दाखवलेली जास्त स्पष्ट दिसते, आणि दोघांची परीक्षणे शेजारी ठेवून वाचली की एकाच्या आंधळ्या जागा दुसऱ्यात उघड्या पडतात. आणि पहिल्या रात्री, महोत्सवातल्या खेळानंतर काही तासांत लिहिलेले परीक्षण असेल तर तारीख पाहून घ्यावी. पोपे यांच्या चित्रपटातून बाहेर पडल्यावर दोन तासांत मला स्वतःला एकही उपयोगी वाक्य लिहिता आले नव्हते.

आपण उटोयावरचा चित्रपट पुन्हा पाहणार असाल तर फोन वाजतो त्या दृश्यापासून पुढची दहा मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन पाहा. गोळ्यांचा आवाज कधी जवळ येतो आणि कधी लांब जातो, त्याच्या वेळा लिहा, आणि शेजारी पात्रे काय बोलत आहेत ते लिहा. आवाज संवादाची सोय पाहून मागे-पुढे होतो आहे असे वाटले तर विरोधी परीक्षण पुन्हा वाचा. संवाद आवाजाला घाबरून तुटत आहेत असे वाटले तर दुसरे.